मस्कीसाठी डाइव्ह-अँड-राइज लुअर: निवड, जुळणी आणि ओढण्याची लय

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनेसोटात राहणाऱ्या एका वाचकांनी मस्की (गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) गरवायला १० इंची लाकडी जर्कबेट, म्हणजे रॉडच्या ओढीने चालवायचं लुअर (नकली आमिष), घेतलं आहे. ओढलं की बुडतं, सोडलं की वर येतं, इथपर्यंत ठीक. पण दर चार-पाच फेकींनंतर पुढचा गळ लीडरला (लाइन आणि लुअर यांच्यामधल्या मजबूत जोडाला) अडकतो, वर येताना लुअर एका कुशीवर कलतं, आणि मासा दोनदा बोटीपर्यंत मागोमाग आला तरी त्यानं तोंड घातलं नाही. आता लुअर बदलावं की हात?

आधी हात, मग आहे त्याच लुअरची जुळणी, आणि तरीही जमलं नाही तर दुसरं लुअर. तिन्ही तक्रारी एकाच क्षणातल्या आहेत: रॉड थांबला, लाइनला झोल पडला आणि लुअर वर निघालं, तो क्षण. नवखा माणूस सगळं लक्ष बुडीकडे देतो, कारण ती हाताला जाणवते. वर येणं हाताला जाणवत नाही. मस्की मात्र बहुतेक वेळा तेव्हाच धरतो.

त्याला कारण आहे. मस्कीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात, नजर पुढे आणि वर. शिवाय खालच्या जबड्याखाली संवेदी छिद्रांची रांग असते, एकेका बाजूला ६ ते ९. चुलतभाऊ नॉर्दर्न पाइकला ५ किंवा त्याहून कमी. पाण्याची हालचाल टिपायला ती छिद्रं आणि अंगावरची पार्श्वरेषा, आणि नेम धरायला डोळे. लुअर बुडतं तेव्हा पाणी ढवळून मासा बोलावला जातो. मग ते थांबतं आणि असहायपणे वर सरकू लागतं, अगदी मरायला टेकलेल्या सकर किंवा सिस्को माशासारखं. खाली दबून बसलेल्या शिकाऱ्याला याहून सोपा घास मिळत नाही.

कोणतं घ्यावं

जर्कबेटचे दोन गट आहेत. ग्लायडर डावी-उजवीकडे सरपटतात; त्यांचा इथे विषय नाही. दुसरा गट खाली-वर चालणाऱ्यांचा. त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावच्या सुइक कुटुंबाचं थ्रिलर: चपटं लाकडी अंग आणि मागे वाकवता येणारी पत्र्याची शेपटी. बॉबी बेटला पत्रा नाही; ते तोंडाच्या उतारामुळे आणि अंगाच्या घडणीमुळे बुडतं. बर्ट प्लास्टिकचं आहे, पाणी पीत नाही, आणि एकासारखं दुसरं निघतं. लाकडात तसं होत नाही. एकाच रंगाची, एकाच मापाची दोन लाकडी लुअरं हातात घ्या, एक जड लागेल. हा दोष समजू नका. मंद वर येणारं लाकडी लुअर हवं असेल तर दुकानात चार हातात तोलून त्यातलं जड उचलायचं.

माप म्हणाल तर जूनच्या सुरुवातीला ७ इंच, उन्हाळाभर ९, शरदात १०. रंगावर मी फार शब्द घालवणार नाही: गढूळ पाण्यात आणि ढगाळ दिवशी काळा किंवा नारिंगी, स्वच्छ पाण्यात पर्च किंवा सकरचा फिका रंग. लुअर वर कसं येतं याच्या मानाने रंगाचा फरक किरकोळ आहे.

खरं मोजायचं ते वर येण्याचा वेग. घरी टबमध्ये साधारण फूटभर पाणी भरा. लुअरला गळ, रिंगा आणि लीडर, म्हणजे पाण्यात जे जे असणार ते सगळं लावा. लुअर तळाशी दाबून धरा, सोडा आणि मोजा. एका सेकंदाच्या आत वर उसळलं तर ते जलद. दोन-तीन सेकंद लागले तर मध्यम. चारच्या पुढे गेलं तर मंद. तेवढ्यात ते कसं येतं तेही पाहा. आडवं, पाठ वर ठेवून आलं तर उत्तम. शेपटी किंचित आधी वर आली तरी चालेल. पुढची बुडी त्याने सोपीच होते. एका कुशीवर कलत असेल तर बहुधा पोटाकडचं वजन कमी पडतंय किंवा एखादा गळ अंगाला चिकटून अडकलाय. नवं लाकडी लुअर असेल तर हा प्रयोग अर्धा तास पाण्यात ठेवून पुन्हा करा. रंगाखालून, विशेषतः कड्यांच्या भोकांतून, पाणी आत जातं आणि उत्तर बदलतं.

शेपटी वाकवणं

थ्रिलरसारख्या लुअरमध्ये सगळी गंमत त्या पत्र्यात आहे, आणि सगळी नासधूसही तिथेच होते. पत्रा खाली वाकवला की वाहतं पाणी शेपटी वर ढकलतं, तोंड खाली जातं आणि बुडी खोल होते. वर वाकवला की लुअर उथळ चालतं. विमानाच्या शेपटीवरच्या पट्टीसारखंच हे.

दोन्ही अंगठे पत्र्याच्या वर, बोटं खाली, आणि जिथे पत्रा लाकडातून बाहेर पडतो त्याच्या जवळून सरळ रेषेत वाकवा. पक्कड वापरू नका. तिच्या तोंडाने पत्र्याला कोपरा पडतो. सुरुवातीला पत्र्याची मागची कड पाच-सात मिलिमीटर खाली आणा, बोटीच्या कडेला दोन-तीन वेळा ओढून पाहा. मग एकेक मिलिमीटर. जास्त झालं की लुअर स्वतःच सांगतं: जोरात ओढल्यावर पुढे न येता डोक्यावर उभं राहतं किंवा कोलांटी मारतं. तिथून थोडं मागे या. पत्रा रोज खाली-वर करत राहिलात तर तो वाकीच्या रेषेवर थकतो आणि तुटतो. म्हणून अनुभवी लोक एकच लुअर दहा वेळा वाकवत नाहीत. एक उथळ आणि एक खोल अशी दोन जुळवून ठेवतात.

लुअर एका बाजूला पळत असेल तर ते टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या रेषेत पाहा. पत्र्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा खाली दिसेल. तोच सारखा करायचा. पत्रा नसलेल्या लुअरमध्ये हेच काम लीडर अडकवायच्या पुढच्या कडीने होतं. शेपटीकडून तोंडाकडे पाहत असताना लुअर उजवीकडे पळतं असं धरा. कडी केसभर डावीकडे वाकवा. केसभर म्हणजे केसभरच. इथे मिलिमीटरही फार होतो.

वजन

टबातलं उत्तर "फार जलद" आलं तर वजन घाला, पण एकदम नाही. पुढच्या ट्रेबल (तीन काट्यांच्या) गळाच्या दांड्यावर सोल्डरची जाड तार गुंडाळायला सुरुवात करा, एका वेळी दोन ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्येक वेळी टबात पाहा. चिकटपट्टीचे वजनाचे तुकडे पोटावर लावूनही जमतं, फक्त पृष्ठभाग कोरडा आणि स्पिरिटने पुसलेला हवा. जागा ठरली की मग हवं तर पोटाला ६ मिलिमीटरचं भोक पाडून वजन आत बसवा आणि एपॉक्सीने बुजवा. बुजवण्यात कसूर केली तर पुढच्या महिन्यात लाकूड फुगून रंगाला फोड येतील. वजन मध्याच्या जरा पुढे ठेवलं तर बुडी सोपी होते आणि वर येताना शेपटी पुढे राहते. मागे ठेवलं तर लुअर तोंड वर करून येतं आणि पुढच्या ओढीला बुडायच्या ऐवजी पृष्ठभागावर फरफटतं. ही चूक फार जण करतात आणि मग लुअरलाच नावं ठेवतात.

एक जाता जाता. थंड पाण्यात लुअर जास्त तरंगतं असं ऐकायला येतं. खरं आहे, पण मोजून बघा: ४ अंश सेल्सियसचं पाणी २४ अंशांच्या पाण्यापेक्षा पाव टक्क्याच्या आसपास जड. ११० ग्रॅम पाणी सारणाऱ्या लुअरला त्याने मिळते जेमतेम ०.३ ग्रॅम जादा उचल. मुळात दहा ग्रॅम उचल असलेल्या लुअरला त्याचा पत्ताही लागत नाही. जेमतेम तरंगेल असं वजन घातलेलं असेल तरच फरक पडतो.

लीडर, लाइन, रॉड

गळ लीडरला अडकण्याची तक्रार इथे सुटते. मऊ लीडर, मग तो फ्लुरोकार्बनचा असो की बारीक तारांच्या पिळाचा, झोल पडल्यावर खाली लोंबतो आणि वर येणारं लुअर त्याच्यावर चालून जातं. या लुअरला एकसंध ताठ स्टीलच्या तारेचा लीडर हवा, जाडी साधारण ०.७ मिलिमीटर, लांबी १२ इंच. लांबीचं कारण साधं आहे: लीडर लुअरपेक्षा लांब असेल तर लुअर उलटून मागे वळलं तरी गळ तारेवरच येतात, लाइनवर नाही. तारेला एकदा घडी पडली की लीडर टाकून द्या. सरळ केलेली घडी पुढच्या मोठ्या माशाला तुटते.

लाइन ८० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), १०० पौंडी असली तरी हरकत नाही. मासा एवढा जड नसतो हे बरोबर. पण शंभर ग्रॅमचं लुअर फेकताना रिळावर गुंता झाला तर ५० पौंडी लाइन तिथेच तुटते आणि लुअर एकटंच तळ्यात निघून जातं. नायलॉनची एकेरी लाइन नको. ती ताणली जाते आणि तुमचा हिसका लुअरपर्यंत अर्धाच पोचतो.

रॉड ताठ, ७ ते ८ फूट. तुम्ही बुटके असाल किंवा बोटीचा काठ खाली असेल तर आखूडच घ्या, कारण हिसका खाली द्यायचा आहे आणि लांब रॉडचं टोक दर वेळी पाण्यावर आपटेल. रीळ ५.३:१ च्या आसपास गिअरचं, म्हणजे हँडलच्या एका फेरीत रिळाच्या ५.३ फेऱ्या होणारं, पुरतं. भरलेल्या ४ सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर हँडलच्या एका फेरीत साधारण ६५ सेंटिमीटर लाइन येते, म्हणजे एक ओढ, एक फेरी. हिशोब हाताला आपोआप बसतो.

ओढण्याची लय

कोकणात खाडीत जिताड्यासाठी रॅपाला लुअर ओढणाऱ्यांना इथे एक सवय मोडावी लागते: लुअर रिळाने ओढायचं नाही. लुअर हलवतो रॉड, रीळ फक्त झोल गोळा करतं.

लुअर पडलं की लाइन ताठ करा. रॉडचं टोक लुअरच्या दिशेने, पाण्यापासून वीतभर वर. आता टोक खाली आणि जरा बाजूला, एक ते दोन फूट, एका सलग ओढीने आणा. हातोडा मारल्यासारखा झटका नको. त्याने लुअर बुडण्याऐवजी कोलमडतं. ओढ संपताच टोक लगेच पुन्हा लुअरकडे न्या आणि त्याच वेळी झोल रिळावर घ्या, पण सगळा नाही. लाइन पाण्यावर किंचित सैल, हलकी कमान करून पडलेली राहिली पाहिजे. ताठ लाइन लुअरचं नाक धरून ठेवते, त्याला मोकळेपणी वर येऊ देत नाही. कुशीवर कलण्याचं हे दुसरं कारण, आणि वजनाच्या आधी हेच तपासावं. उलट झोल फार राहिला तर पुढची ओढ हवेतच संपते आणि लुअर जागचं हलत नाही. मधली जागा शोधायला तासभर लागतो; बोटीजवळ, लुअर डोळ्यांना दिसत असताना सराव करा.

थांबायचं किती? टबातल्या आकड्यावरून ठरवा. जलद लुअर एक सेकंद, मध्यम दोन-तीन, मंद चार ते सहा. लुअर पृष्ठभागाला टेकायच्या जरा आधी पुढची ओढ यावी. आणि लय मोडत राहा: तीन सारख्या ओढी, मग एक आखूड, मग एक लांब थांबा. घड्याळासारखं चाललेलं लुअर मासा बोटीपर्यंत बघत येतो आणि परत जातो.

या प्रकाराची मर्यादाही ओळखून घ्या. २५ मीटरच्या फेकीत ६० सेंटिमीटरच्या चाळीसेक ओढी होतात, प्रत्येकी अडीच सेकंद धरले तर पावणेदोन मिनिटांची एक फेक. तेवढ्या वेळात बकटेल फिरकीच्या (केसाळ शेपटीच्या, सरळ रिळाने ओढायच्या लुअरच्या) तीन-चार फेकी होतात. म्हणून मासा कुठे आहे हेच माहीत नसताना या लुअरने मोठं तळं धुंडाळू नका. मासा दिसलेल्या, मागे येऊन गेलेल्या किंवा खात्रीच्या जागी ते काढा.

अशी जागा म्हणजे पाणगवत. मिनेसोटातल्या मिल लॅक्स, लीच लेक, व्हर्मिलियन अशा तळ्यांत रुंद पानांचं कॅबेज गवत ६ ते १० फूट पाण्यात वाढतं आणि त्याचे शेंडे पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर थांबतात. बोट गवताच्या बाहेर, फेक गवतावर. लुअर शेंड्यांना टेकेल एवढंच बुडवा. टेकलं हे हाताला मऊ, चिकट ओढीसारखं कळतं. कळताच हात थांबवा. लुअर आपोआप मागे सरकत वर येतं आणि बहुतेक वेळा गळ मोकळे होतात. इथे घाबरून ओढलंत तर तिन्ही गळांवर गवताची पेंढी बांधून परत येईल. बुडणाऱ्या लुअरला ही सोय नाही. तरंगणाऱ्याचा खरा फायदा हाच. खडकाळ उंचवट्यांवरही तेच.

पाणी १२ ते १८ अंश असताना आखूड ओढी, छोटं लुअर. उन्हाळ्यात वेग वाढवा. पाणी २७ अंशांच्या, म्हणजे ८० फॅरनहाइटच्या पुढे गेलं तर मस्कीच्या मागे जाऊ नका. झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. ऑक्टोबरात पाणी १० अंशांखाली उतरलं की वजन घातलेलं मंद लुअर आणि कंटाळा येईल इतका लांब थांबा.

धरल्यावर

लुअर वर येत असताना लाइन सैल असते, त्यामुळे धरल्याचा दणका बहुधा बसतच नाही. खुणा वेगळ्या: सैल कमान बाजूला सरकते, किंवा वर यायला हवं होतं ते लुअर येत नाही, किंवा पुढच्या ओढीला ओल्या गोणपाटासारखं जड लागतं. शंका आली की गळ रुतवायला हिसका मारा. वर नाही, खाली-बाजूला, पूर्ण ताकदीने, आणि लगेच दुसऱ्यांदा. मस्की लाकडात दात रोवून लुअर घट्ट धरतो. ते तोंडात सरकल्याशिवाय गळ लागत नाही. म्हणून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जवळजवळ पूर्ण आवळलेला हवा आणि गळ धारदार. कानशीने प्रत्येक काट्याला तीन बाजूंनी पैलू पाडा, मग टोक नखावर टेकवा. घसरलं तर अजून काम बाकी आहे. नखात अडकलं तर झालं.

मागोमाग येणाऱ्या माशासाठी बोटीजवळची आठाची आकृती. फूट-दीड फूट लाइन आणि लीडर बाहेर ठेवून थांबा. लीडर टोकापर्यंत गुंडाळलात तर वळायला जागा उरत नाही. रॉडचं टोक पाण्यात घाला, पहिलं वळण रुंद, दुसऱ्याला जरा वेग. तरंगणारं लुअर इथे हट्टीपणा करतं: हात मंदावला की पृष्ठभागावर येतं. सरळ रेषेत जोर ठेवा म्हणजे ते खाली राहील, आणि वळणावर हात मुद्दाम किंचित सैल सोडा. तिथे ते फूटभर वर तरंगतं. मागे आलेल्या माशाला तुम्ही खोल पाण्यात जे दाखवलं तेच पुन्हा एकदा नाकासमोर दाखवता. गुंडाळत आलेली शेवटची ओढही घाईने संपवू नका. सावली दिसली नाही म्हणजे मासा नाही असं नसतं.

मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत मस्की ठेवायची किमान लांबी ५४ इंच आहे, म्हणजे हाताला येणारा जवळपास प्रत्येक मासा सोडायचाच. मोठं रबरी जाळं, लांब तोंडाची पक्कड आणि मोठे गळ तोडणारं छोटं बोल्ट कटर, हे तिन्ही नसेल तर ट्रेबल गळांची लुअरं फेकू नका. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात. गळ खोल असेल तर सोडवत बसू नका, कापा. नवा गळ लावताना मात्र त्याच मापाचा लावा. ४/० च्या जागी घरात पडलेला ५/० बसवलात तर महिनाभर जुळवलेलं लुअर पुन्हा टबात घालावं लागेल.